ऊझकाठचे तिघे

इंग्लंडमधल्या बेडफर्ड शहराला खेटून एल्स्टो नावाचं गाव आहे. तिथल्या चर्चचा घंटेचा मनोरा मूळ इमारतीपासून सुटा, एकटाच उभा आहे. सतराव्या शतकाच्या मध्यावर या मनोऱ्यात दोर ओढून घंटा वाजवणाऱ्यांत एक तरुण होता. पिढीजात धंदा भांड्यांना डाक लावण्याचा, हत्यारं पाठीवर टाकून गावोगाव हिंडण्याचा. नाव जॉन बनियन. घंटा वाजवण्याचं त्याला भारी वेड. पुढे मन धर्माकडे वळायला लागलं तसं त्याला वाटू लागलं, ही निव्वळ चैन आहे, हे पाप आहे. त्याने दोर सोडला, पण नुसतं बघायला जाणं काही सुटेना.

एक दिवस बघता बघता मनात आलं, घंटाच तुटून अंगावर पडली तर? तो सरकून एका जाड तुळईखाली उभा राहिला. मग वाटलं, घंटा भिंतीवर आपटली आणि उसळून इकडे आली तर? तो दारापाशी आला. इथून निदान भिंतीआड सटकता येईल. तेवढ्यात पुढचा विचार आला, अख्खा मनोराच कोसळला तर? मग मात्र तो तिथून पळालाच.

ही हकिगत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. १६६६ साली छापलेल्या त्याच्या आत्मवृत्ताचं नाव 'ग्रेस अबाउंडिंग टू द चीफ ऑफ सिनर्स'. म्हणजे पाप्यांतल्या महापाप्यावर झालेली उदंड कृपा. संत पौलाने स्वतःला पापी जनांत मुख्य म्हटलं होतं, तो शब्द बनियनने आपल्यासाठी उचलला. ज्यांनी कधी अपराधीपणाच्या विळख्यात रात्री काढल्या असतील त्यांना या पुस्तकात आपल्याच मनाच्या पायवाटा सापडतील. एका भीतीतून सुटावं तर दुसरी दारात उभी. बचावासाठी जी जागा धरावी तिचाच पुढे धाक वाटायचा.

बनियनचा जन्म १६२८चा. सोळाव्या वर्षी, राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवीत, तो पार्लमेंटच्या सैन्यात गेला. तिथे एकदा त्याला वेढ्यावर जायचं होतं, आयत्या वेळी दुसरा सोबती त्याच्या जागी गेला आणि डोक्यात गोळी लागून मेला. लग्न झालं तेव्हा नवराबायकोच्या घरात धड ताट-चमचाही नव्हता. बायकोने माहेरून आणलेली दोन धार्मिक पुस्तकं हीच काय ती मिळकत. ती वाचता वाचता त्याला आपल्या शिव्यांची, खेळांची, बोलण्याचालण्याची लाज वाटू लागली.

एका रविवारी तो गावातल्या पोरांबरोबर 'कॅट' खेळत होता. हा खेळ म्हणजे सरळसरळ आपला विटीदांडू. एक टोला मारून झाला होता, दुसऱ्यासाठी दांडू उचलला, आणि आतून सवाल आला: पापं सोडून स्वर्गात येणार, की पापं घेऊन नरकात जाणार? हात तसाच थांबला. वर बघितलं तर जणू प्रभू येशू नाराज होऊन आपल्याकडे पाहतो आहे. भर मैदानात, सोबत्यांना पत्ता न लागू देता, त्याने मनाशी हिशेब केला. आता उशीर झाला, आपल्याला क्षमा नाही. एका पापासाठी नरकात जायचं तसं शंभरांसाठी. मग राहिलेली पापंही करून घेऊ. आणि तो पुन्हा खेळायला लागला.

आत्मधिक्काराचं हे रूप सहसा कोणी बोलून दाखवत नाही. माणूस स्वतःला नालायक ठरवतो, आणि त्या निकालाचा आधार घेऊन सुधारण्याचं ओझंही टाकून देतो. बाहेरून ही नम्रता दिसते. खरं तर आत खटला संपलेला असतो, दप्तर बांधून ठेवलेलं असतं.

पुढे महिनाभराने एका दुकानाच्या खिडकीशी तो तोंडाला येईल तशा शिव्या देत होता. तिथल्या बाईने, जिचं स्वतःचं नाव गावात काही चांगलं नव्हतं, त्याला झापलं. ते वर्मी लागलं आणि शिव्या सुटल्या. हळूहळू विटीदांडू सुटला, नाच सुटला. शेजारीपाजारी कौतुक करू लागले. मन मात्र तसंच धगधगत होतं. एल्स्टोहून बेडफर्डला जाताना रस्त्यातली पाण्याची डबकी बघून त्याला वाटे, आपला विश्वास खरा आहे का ते आत्ताच पारखून बघावं. डबक्यांना सांगावं, आटा. आणि कोरड्या जागेला सांगावं, तू डबकं हो. तोंड उघडणार, तोच मनात यायचं, आधी कुंपणाआड जाऊन प्रार्थना तरी करावी. आणि प्रार्थना करूनही काही झालं नाही तर? मग तर आपण कायमचेच बुडालो. म्हणून त्याने डबक्यांना काही सांगितलं नाही.

बेडफर्डमध्ये कामावर असताना एकदा त्याने तीनचार गरीब बायकांना दारात, उन्हात बसून बोलताना ऐकलं. धर्मावर चार शब्द बोलायला तो शिकला होता, म्हणून जवळ गेला. पण त्यांचं बोलणं त्याच्या डोक्यावरून गेलं. त्या आपल्या मनाच्या वाईटपणाबद्दल बोलत होत्या आणि तरी त्यांच्या आवाजात आनंद होता. स्वतःचं वाईटपण कबूल करून माणूस इतका मोकळा कसा राहू शकतो, हे त्याला उमगेना. पण त्या उन्हातल्या बायका त्याच्या मनातून गेल्या नाहीत. त्यांनीच आपल्या पाळकाला त्याच्याबद्दल सांगितलं. जॉन गिफर्ड हा एकेकाळी राजाच्या सैन्यातला मेजर. यादवीत पकडला गेला, मृत्युदंड झाला, तुरुंगातून निसटला, बेडफर्डला येऊन वैद्यकी करू लागला. दारूडा आणि जुगारी म्हणून प्रसिद्ध होता. आता तो एका लहानशा मंडळीचा पाळक होता. क्षमा म्हणजे काय हे त्याला पोथीतून शिकावं लागलं नव्हतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण खरा काळोख पुढेच होता. एक विचार बनियनच्या मनात घुसला: ख्रिस्ताला विकून टाक. टाचणी उचलताना, लाकूड फोडताना, जेवायला बसताना, तेच शब्द. विकून टाक, विकून टाक. तो अंगाने, हातांच्या कोपरांनी ढकलून प्रतिकार करी, तोंडाने म्हणे, नाही विकणार, हजारो जगांच्या मोलानेही नाही. असं वर्षभर चाललं. मग एका सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या, झगडून दमलेल्या मनात एक विचार सरकून गेला: जायचं तर जाऊ दे त्याला. बस्स, एवढंच. पण त्याला वाटलं, आपण झाडाच्या शेंड्यावरून गोळी लागलेल्या पाखरासारखे खाली आलो. बायबलमध्ये एसावने एका जेवणासाठी आपला ज्येष्ठत्वाचा हक्क विकला आणि पुढे रडूनही तो परत मिळाला नाही. बनियनने स्वतःला एसाव ठरवलं, आणि वर्षभराहून अधिक काळ तो त्या शिक्षेखाली जगला. रस्त्यावरच्या कुत्र्याचा त्याला हेवा वाटे, कारण कुत्र्याला नरकात जायचं नसतं.

तो एका वृद्ध, अनुभवी ख्रिस्ती माणसाकडे गेला. म्हणाला, पवित्र आत्म्याविरुद्धचं, क्षमा नसलेलं ते पाप माझ्या हातून झालंय अशी भीती वाटते. म्हातारा म्हणाला, मलाही तसंच वाटतं. अडल्या जिवाला आधार देण्यासाठी बसलेल्या माणसाने एवढं निष्काळजी वाक्य बोलावं, याची चीड आजही वाचताना येते. बनियनने मात्र फार न रागावता नोंदवलं आहे की बोलता बोलता कळलं, माणूस भला होता, पण सैतानाशी झुंजण्याचा अनुभव त्याला नव्हता.

या काळोखाच्या आधीच त्याला एक जुनं पुस्तक मिळालं होतं. पान उलटावं तर तुकडा हातात यावा, इतकं जीर्ण. मार्टिन ल्यूथरचं, पौलाच्या गलतीकरांस पत्रावरचं भाष्य. ल्यूथर तरुणपणी एरफुर्टच्या मठात होता तेव्हा पापनिवेदनासाठी तासन्‌तास बसायचा, बाहेर पडताच विसरलेलं पाप आठवून परत यायचा. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी जर्मनीत एक साधू ज्या आगीतून गेला तीच आग बेडफर्डजवळच्या या कारागिराच्या पोटात होती. थोडं वाचताच बनियनला वाटलं, हे पुस्तक माझ्याच काळजातून लिहिलंय. जखमी सदसद्विवेकासाठी बायबल सोडलं तर दुसरं कुठलंच पुस्तक त्याला याहून जवळचं वाटलं नाही. दुःख एकट्याचं नाही एवढं कळलं तरी माणसाला श्वास घेता येतो.

पूर्ण सुटका अजून दूर होती. शेजारच्या एका गावात रस्त्याकडेच्या बाकावर तो मान खाली घालून बसला होता. मान वर केली तर वाटलं, आभाळातला सूर्य आपल्याला उजेड द्यायला कुरकुरतो आहे. रस्त्यातले दगड, घरांवरची कौलं, सगळी आपल्याविरुद्ध एक झाली आहेत.

आणि मग, काही काळाने, एका शेतातून जात असताना ते घडलं. एक वाक्य मनात उतरलं: तुझं नीतिमत्त्व स्वर्गात आहे. त्याने आतल्या डोळ्यांनी देवाच्या उजवीकडे बसलेल्या ख्रिस्ताला पाहिलं आणि त्याला कळलं की आपलं नीतिमत्त्व हा ख्रिस्त स्वतः आहे. आपल्या मनाची स्थिती चांगली असली म्हणून ते वाढत नाही, वाईट असली म्हणून घटत नाही. काल होतं तसंच ते आज आहे आणि उद्या राहील. पायांतल्या बेड्या गळून पडल्या. तो घरी धावला आणि बायबलमध्ये ते वाक्य शोधू लागला. सापडेना. असं वाक्य बायबलमध्ये नव्हतंच. पुन्हा मन खचलं. मग करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायातलं तिसावं वचन आठवलं. ख्रिस्त हाच आपल्यासाठी ज्ञान, नीतिमत्त्व, पवित्रीकरण आणि मुक्ती झाला अशा अर्थाचं. तेव्हा त्याची खात्री पटली.

वाक्य शोधणारा हा बनियन फार जवळचा वाटतो. मोठा साक्षात्कार झाल्यावरही त्याचे हात पुरावा धुंडाळत होते, आणि पुरावा सापडेपर्यंत आनंदात फट पडली होती. वर्षानुवर्षं तो स्वतःच्या आत खणत होता. आपला पश्चात्ताप खरा किती, विश्वास पुरेसा आहे का, तो विचार आपण मनापासून केला का. त्या खणण्याला तळ नव्हता. शेतातल्या त्या क्षणी त्याची नजर पहिल्यांदा आपल्यावरून हटून दुसऱ्या कुणावर गेली. मराठी बायबलमध्ये रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाच्या आरंभी 'दंडाज्ञा' हा शब्द येतो. आरोपी आपणच, सरकारी वकील आपणच, न्यायाधीशही आपणच, अशा कोर्टात दंडाज्ञा ठरलेली असते. ख्रिस्ती श्रद्धा सांगते की ते आसन आपलं नाही. ज्याचं आहे त्याने दंड आधीच स्वतःवर घेतला आहे. त्या आसनावरून उतरायला बनियनला कित्येक वर्षं लागली, आणि नंतरही संशय अधूनमधून येतच राहिले. तेही त्याने लपवलेलं नाही.

१६६० मध्ये परवान्याशिवाय उपदेश केला म्हणून त्याला पकडलं. उपदेश सोडतो म्हण, घरी जा, एवढीच अट होती. ती न मानल्यामुळे बारा वर्षं बेडफर्डच्या तुरुंगात गेली. तिथे बसून तो बुटांच्या नाड्या वळायचा आणि घरच्यांचं पोट भरायचा. थोरली मुलगी मेरी जन्मांध. तिच्या आठवणीने तो तुटायचा. पुढे १६७८ मध्ये त्याची 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' ही रूपककथा छापली गेली. पाठीवर ओझं घेऊन निघालेला ख्रिस्ती नावाचा वाटसरू वधस्तंभापाशी पोचतो आणि ओझं आपोआप सुटून, घरंगळत जाऊन थडग्यात पडतं. तो ते उतरवत नाही, ते सुटतं. आणि ओझं गेल्यावरही, बरंच पुढे, निराशा नावाचा राक्षस त्याला संशयाच्या किल्ल्यात कोंडतो. चाबी त्याच्या छातीशीच असते, तिचं नाव अभिवचन. तो ती विसरलेला असतो. हे पुस्तक हरी केशवजी यांनी मराठीत आणलं, 'यात्रिकक्रमण' या नावाने, १८४१ मध्ये. मराठी कादंबरीचा इतिहास सांगताना त्याचा उल्लेख आजही सुरुवातीलाच येतो. आपल्या गद्यात कथा लांबवर चालायला शिकत होती तेव्हा तिच्या पाठीवर एल्स्टोच्या त्या कारागिराचं गाठोडं होतं.

पण एक प्रश्न उरतोच. बनियनचं पाप तरी काय? घंटा, विटीदांडू, शिव्या, मनातून सरकून गेलेला एक विचार. ज्याच्या हातून खरोखर माणसं चिरडली गेली त्याने काय करावं? त्यालाही क्षमा मिळाली असं म्हणणं हा चिरडल्या गेलेल्यांचा अपमान नाही का?

बेडफर्डमधून वाहणारी ऊझ नदी वरच्या अंगाला, वीसेक किलोमीटरवर, ओल्नी गावावरून येते. १७६४ मध्ये तिथे एक नवा पाळक आला. जॉन न्यूटन. गुलामांच्या जहाजाचा माजी कप्तान. १७४८ च्या मार्चमध्ये अटलांटिकच्या वादळात जहाज बुडायला आलं असताना त्याने देवाचा धावा केला. तो दिवस तो पुढे जन्मभर पाळायचा. मात्र त्यानंतरही तो सहा वर्षं गुलाम वाहतच होता. डेकवर रविवारी खलाशांना घेऊन उपासना, आणि खाली फळ्यांवर साखळ्यांत बांधलेली आफ्रिकेची माणसं. समुद्र सोडला तोही आजारपणामुळे, १७५४ मध्ये. हे सोडून न्यूटनची गोष्ट सांगणं लबाडी होईल.

त्याचं मन पालटत गेलं ते सावकाश, दशकं घेत. १७८८ मध्ये, समुद्र सोडून चौतीस वर्षं झाल्यावर, त्याने गुलामांच्या व्यापारावर एक पुस्तिका छापली. त्यात शेल्फवर पुस्तकं लावावीत तशी माणसं जहाजात कशी रचली जात ते लिहिलं. आपण स्वतः या धंद्यात होतो, ही कबुली फार उशिराची आहे, आठवणीने जन्मभर मान खाली जाईल, हेही लिहिलं. त्याच वर्षी प्रिव्ही कौन्सिलपुढे आणि पुढे पार्लमेंटच्या समितीपुढे त्याने साक्ष दिली. तेव्हा तो लंडनमधला नावाजलेला पाळक होता, साठी उलटलेली होती. गप्प बसला असता तर कोणी विचारलं नसतं. शिक्षेच्या भीतीने गारठलेला माणूस पुरावे लपवतो. न्यूटन स्वतःविरुद्ध भर सभेत बोलू शकला, कारण आपला निकाल दुसरीकडे लागून गेला आहे यावर त्याची श्रद्धा होती. क्षमेने त्याला विसरायला लावलं नाही, बोलायला लावलं. ब्रिटिश साम्राज्यातला गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा १८०७ च्या मार्चमध्ये झाला, आणि त्याच डिसेंबरात न्यूटन वारला. जी माणसं त्याने विकली ती परत येणार नव्हती, हे त्याला ठाऊक होतं.

ओल्नीत न्यूटनच्या शेजारी राहायला कवी विल्यम कूपर आला होता. दोघांच्या बागांमध्ये एक मळा होता आणि त्यातून ये-जा करण्यासाठी ते मालकाला वर्षाला एक गिनी देत. कूपर तरुणपणी मनाच्या आजाराने कोसळला होता, जीव द्यायला निघाला होता. सेंट ऑल्बन्सच्या डॉक्टर कॉटन यांच्या उपचारांखाली असताना रोमकरांस पत्रातलं एक वचन वाचून त्याला उजेड दिसला, आणि काही वर्षं तो खरोखर आनंदात जगला. तो आणि न्यूटन मिळून उपासनेसाठी गीतं लिहीत. १ जानेवारी १७७३ च्या सभेसाठी न्यूटनने कृपेवरचं ते गीत लिहिलं, जे आज जगभर 'अमेझिंग ग्रेस' म्हणून गातात. आणि त्याच जानेवारीत, मळ्यापलीकडच्या घरात, कूपर पुन्हा कोसळला. फेब्रुवारीत त्याला स्वप्न पडलं की देवाने आपल्याला कायमचं टाकून दिलं आहे. ते त्याने खरं मानलं, १८०० मध्ये मरेपर्यंत. इतरांना क्षमा आहे, मला नाही. त्यानंतर तो उपासनेला गेला नाही.

अशा गोष्टींत कूपरचं नाव टाळण्याचा मोह होतो. पण तो टाळला तर त्याच्यासारख्या प्रत्येकाला आपण त्या म्हाताऱ्यासारखंच सांगत असतो, मलाही तसंच वाटतं. आज डॉक्टर याला तीव्र नैराश्य म्हणतील, औषध देतील, आणि ते घ्यायलाच हवं. कॉटन स्वतः डॉक्टरही होते आणि श्रद्धाळूही. औषध आणि प्रार्थना एकमेकांच्या आड येतात असं त्यांना वाटलं नाही.

न्यूटनने कूपरला विश्वास कमी पडतो म्हणून दटावलं नाही. १७७३ च्या एप्रिलमध्ये कूपर त्याच्या घरी आला आणि हट्टाने तिथेच राहिला, वर्षाहून अधिक. आपल्या घरात परत जायला तो तयार नव्हता आणि न्यूटनने त्याला घालवलं नाही. देवाने टाकलं आहे असं ठामपणे मानणारा माणूस न्यूटनच्या मते देवाचाच होता, आणि त्याच्या वतीने तो विश्वास न्यूटन धरून बसला. कूपरला अंगणातलं काम बरं वाटायचं. जमेल तेव्हा तो बाहेर जाऊन काही ना काही करत राही.

१७७४ च्या मे महिन्यात न्यूटनने एका पत्रात लिहिलं की काल कूपर कोंबड्यांना दाणे टाकत होता. काहीतरी बारीकसं घडलं आणि तो हसला. न्यूटनने महिने मोजून ठेवले होते. सोळा महिन्यांहून जास्त काळात त्या चेहऱ्यावर दिसलेलं हे पहिलंच हसू, अशी त्याची जवळजवळ खात्री होती.